काच कोणी बदलली?

१

पर्वतीच्या पायऱ्या, खाली पसरलेलं शहर, लांबवर सिंहगडाची रेघ. सगळी छायाचित्रं जणू दुधात बुडवून काढली होती. सुदर्शन मोघे यांनी ती माझ्या टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडली आणि शेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला.

"तुम्ही फक्त खाली सही करायची, मॅडम."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर भिंगातील आतील काच दुरुस्तीच्या वेळी बदलण्यात आली, असे माझे तज्ज्ञ मत आहे.' खाली माझं नाव, डॉ. दीक्षा खरे, आणि प्रयोगशाळेतून निवृत्त होतानाचा माझा हुद्दा. मत माझं होतं आणि ते मला त्या कागदावरूनच कळत होतं.

"आधी भिंग पाहू का?" मी विचारलं.

मोघे हे कोथरूडच्या 'चौकट' या छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष. मंडळाने आठ वर्षांपूर्वी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी तीन वाइड अँगल भिंगं घेतली होती, तिन्ही स्वस्तातली. नामांकित भिंगांच्या किमतीत कोथरूडात पार्किंगची जागा येते. मग ही स्वस्त भिंगं खरोखर किती टिकतात, हे वापरून पाहायचं, असा तो प्रयोग. सभासदांनी ती आळीपाळीने वापरली. दोन अजून ठणठणीत होती. तिसरं, सगळ्यात रुंद दृश्य टिपणारं, गेल्या दिवाळीत नारायण पेठेतल्या रझिया तांबोळी यांच्याकडे दुरुस्तीला गेलं, आणि आता त्यातून हे असं दूध सांडत होतं.

"सरळ आहे," मोघे म्हणाले. "दुरुस्तीला गेलं ते बिघडलं, न गेलेली शाबूत. चांगली काच काढून घेतली, रद्दी बसवली. कुणाकडे द्यावं याचं तारतम्य आम्हीच बाळगायला हवं होतं."

"कुणाकडे म्हणजे?"

मोघ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला उत्तर देण्यापेक्षा ते काम जास्त निकडीचं असावं.

भिंग प्लास्टिकच्या बंद पाकिटात होतं. 'पुरावा' असं त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं. पाकीट मंडळाचे कपाटप्रमुख बद्रीनाथ यांनी बंद करून दिलं होतं, आणि तेव्हापासून ते कोणी उघडलं नव्हतं.

मी पाकीट उघडलं, भिंगाचं झाकण काढून विजेरीचा झोत आत टाकला. तेवढ्यात मोघे नाक मुरडून उठले. "मॅडम, तुमचं दूध करपलंय!"

खरंच करपलं होतं. करोनाने नेलेलं माझं नाक अजून परतलेलं नाही. स्वयंपाकघरात धूर दाटला होता आणि मला पत्ता नव्हता. गॅस बंद करून मी परत आले आणि पुन्हा आत पाहिलं. आतल्या काचेवर पांढरी, पिसांसारखी नक्षी होती. बुरशी मुळांसारखी फांद्या फोडत पसरते. ही बुरशी नव्हती. काच घासलेलीही नव्हती. काचेवर काहीतरी येऊन बसलं होतं.

"रझियाबाईंना हे दाखवलंत?"

"चोराला चोरीचा माल दाखवायचा?" मोघे हसले. "रविवारी सभेत ठराव होईल. मग शहरातल्या सगळ्या कॅमेरा-ग्रुपांवर सूचना जाईल: या दुकानात काचा बदलल्या जातात. तुमची सही असली की प्रश्नच मिटला."

ज्या बाईचं नाव पुसायचं ठरलं होतं, तिला भिंगाचं साधं दर्शनही घडवलेलं नव्हतं. मी कागद उलटा करून ठेवला.

"रविवारी सांगते," मी म्हणाले.

२

'युसूफ कॅमेरा दुरुस्ती' ही पाटी जुनी होती, दुकान चिमुकलं आणि लख्ख. मी पोचले तेव्हा एक गृहस्थ काउंटरवर हात ठेवून उभे होते.

"दुरुस्त व्हायचाय अजून," रझिया त्यांना सांगत होत्या.

"असू दे हो. तसाच बरा आहे. परत द्या."

"परवा तर घाई करत होता?"

"परवाची गोष्ट वेगळी," गृहस्थ म्हणाले आणि कॅमेरा छातीशी धरून निघून गेले.

रझिया माझ्याकडे वळल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांत जागरण. "आपण काय परत न्यायला आलात?"

"मला मंडळाने बोलावलंय. काच बदलली, अशी सही करायला."

"मग करा की! सगळेच करतायत. ठराव व्हायच्या आधीच बातमी फिरली. सूचना जाईल तेव्हा हातात कॅमेरा देणारा एक माणूस उरणार नाही. आमचं दुकान पाटीवर नाही चालत, बाई. अब्बांच्या नावावर चालतं."

"नेमकं काय केलं होतं तुम्ही?"

"पुढची कडी सैल झाली होती. या स्वस्त भिंगांचं दुखणं तेवढंच. काच फर्स्टक्लास, स्क्रू पळपुटे. रंग उडतो, फोकसची कडी डुगडुगते. म्हणून ती वाया जातात, असं नाही. मी कडी आवळली, स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला. काचेपर्यंत गेलेच नाही."

"आणि समजा गेला असतात?"

"तरी बदलणार काय? याची सुटी काच कंपनी विकत नाही. नवी मिळतच नाही, तर बसवू काय? आणि काढलेली नेऊन काय करू, मुरंब्याच्या बरणीवर झाकण?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"परत देताना काही सांगितलं होतंत?"

"सांगितलं ना. म्हटलं, याचा फाइंडर भिंगाबरोबरच ठेवा, नाहीतर हरवतो."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. बाजूच्या छोट्या खिडकीतून पाहतो. भिंग फार रुंद पाहणारं असेल, तर त्या खिडकीत सगळं दृश्य मावत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फाइंडर बसवतात. त्यामुळे भिंग कितीही धुरकट झालं, तरी फोटो काढणाऱ्याला ते दिसत नाही. रोल धुऊन आल्यावरच कळतं.

"तो फाइंडर तुमच्याकडे आला होता?"

"छे. मी अजून पाहिलेला नाही. पण हे विचारायचं सुचलं कुणाला? तुम्ही पहिल्या." त्यांनी कापड झटकलं. "रविवारी मी येणार आहे. बोलावलं नसलं तरी."

३

भिंग शेवटचं वापरलं होतं तेजसने. हिंजवडीत नोकरी, कोथरूडात भाड्याची खोली. आई अकोल्याहून काही दिवस राहायला आलेली. तो मला कर्वे रस्त्यावरच्या अमृततुल्यात भेटला. सोबत त्याने मंडळाची उरलेली दोन भिंगं आणली होती.

"बघा ना, मॅडम. आठ वर्षं. कडांचा रंग उडून पितळ दिसतंय, पण काच एकदम क्लीन."

खरंच तसं होतं. एकाची कडी थोडी डुलत होती, दुसऱ्याच्या आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर तेलाचा पुसट डाग होता. बाकी काही नाही. दोन्ही कायम एका हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत ठेवलेली असत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर.

"आणि तिसरं?"

"ते फाइंडरसकट पेटीत मावत नाही ना. म्हणून दिवाळीनंतर बद्रीकाकांनी त्याला वेगळा स्टीलचा डबा दिला." तेजसने चहा ढवळला. "खरं सांगू? मोघेकाकांना हे फेल व्हायलाच हवं होतं. 'स्वस्त भिंगं पाच वर्षांत मरतात' असा लेख त्यांनी कधीच लिहून ठेवलाय. मी म्हणायचो, टिकतात. आमची यावरून कायम वाजायची."

"म्हणजे मोघ्यांनी केलं?"

"तसं नाही म्हणत. पण मी करेन का? मी तर जिंकत होतो!"

यात तथ्य होतं. "त्या दिवशी पर्वतीवर काही वेगळं जाणवलं?"

"काहीच नाही. थोडं धुरकट दिसत होतं फाइंडरमधून. मी तीनदा चष्मा पुसला. नंबर वाढला असणार. स्क्रीनसमोर बसून दुसरं काय होणार?" तो हसला. "आई मात्र जाम खूश झाली. घरी आलो, बॅग उघडली, तर म्हणते, बरं झालं बाबा, देवाला जाऊन आलास. म्हटलं, आई, मी निम्म्या पायऱ्यांवरूनच परतलोय! तिला पटेना."

मीही हसले. घरी येऊन भांडी घासताना माझा हात थांबला.

धुरकट फाइंडरमधून दिसत होतं. आणि फाइंडर तर रझियांच्या दुकानाची पायरीही चढला नव्हता.

४

मंडळाचं कपाट बद्रीनाथांच्या घरी, त्यांच्या पुढच्या खोलीत होतं. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मृदू माणूस; त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं मी कोणाकडून ऐकलं नाही. कपाटावर त्यांच्या वळणदार अक्षरातल्या पाट्या होत्या: 'भिंगावर फुंकर मारू नये. त्याला लागलेले नाही.' आणि खाली: 'बोटाचे ठसे उमटवण्यासाठी पोलीस चौकी जवळच आहे.'

कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं. दुपार कलली होती. पत्र्याला हात लावला तर चांगलाच तापलेला.

"रात्री एकदम गार पडतो," बद्रीनाथ म्हणाले. "फाइंडर ना? हा घ्या."

मी फाइंडर उजेडात तिरपा धरला. आतल्या काचेवर तीच पांढरी पिसं होती, भिंगातल्यासारखीच.

"आणि तो डबा?"

त्यांनी डबा आणला. आरशासारखा घासलेला, आत फ्लॅनेलचं नवं कोरं कापड. कपाटातल्या बाकी सगळ्या वस्तूंवर वापराची एक खूण होती. डब्यावर एकही नव्हती.

"हा घासला कधी?"

"मी सगळं नियमित घासतो, दीक्षाताई. कसर लागू नये म्हणून."

"कसर कापडाला लागते. काचेला नाही."

"तसंच हो. बोलायची पद्धत."

त्यांच्या पत्नी मुक्ताबाई सरबत घेऊन आल्या. "यांच्याएवढी काळजी घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "माझी पैठणी बघा, हार्मोनियम बघा, पुस्तकं बघा. आजवर एका वस्तूला किडा लागू दिला नाही यांनी. हात फिरला की वस्तू जपलीच म्हणून समजा."

"अगं, सरबतात मीठ कमी आहे," बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी सरबत तोंडालाही लावलं नव्हतं.

मी मुक्ताबाईंना म्हणाले, "हार्मोनियम पाहू?"

पेटी उघडली. स्वरांच्या पट्टीशेजारी, कोपऱ्यात, मलमलीची एक छोटी पुरचुंडी होती. मी ती नाकाशी नेली. अर्थातच काही कळलं नाही. तेव्हा बोटांनी चाचपली. आतले खडे झिजून गुळगुळीत झाले होते.

बद्रीनाथ मला दारापर्यंत सोडायला आले. जिन्यात मी थांबले.

"सर, एका बाईचं पोट आणि नाव दोन्ही रविवारी जाणार आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल, तर सभेत सांगा. मी आधी बोलणार नाही."

त्यांनी मान खाली घातली. "सांगतो," ते म्हणाले. "नक्की सांगतो."

५

रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात मंडळ जमलं. दाराशी रझिया उभ्या होत्या. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. तेजसने शेवटी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः भिंतीला टेकला.

मोघ्यांनी ठराव वाचला. 'विश्वासघात', 'अप्रामाणिक', 'छायाचित्रकार बांधवांनी सावध राहावे'. मी बद्रीनाथांकडे पाहत होते. ते उठले. मला हायसं वाटलं.

"माझं अनुमोदन आहे," बद्रीनाथ म्हणाले आणि बसले.

रागाने माझी कानशिलं तापली. मी आयुष्यभर मोजमापं घेतली. आवाज चढवायची मला सवय नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"सही करण्याआधी एक गोष्ट करून पाहू," मी म्हणाले. "या भिंगाचा फाइंडर. आठ वर्षांत तो दुरुस्तीला कधी गेला?"

"कधीच नाही," मोघे म्हणाले.

"मग यात पाहा."

फाइंडर हातोहात फिरला. डोळा लावणारा प्रत्येक जण भुवया आक्रसत होता.

"हाही धुरकट आहे," कोणीतरी म्हणालं.

"रझियाबाईंनी भिंगाची काच बदलली असेल, तर याचीही त्यांनीच बदलली. न पाहता, न हात लावता. हे कसं केलं, ते ठरावात घाला." "बाई, याची पुढची कडी आता सगळ्यांसमोर काढाल? आणि भिंगाचीही?"

रझियांनी पिशवीतून पान्हा काढला. 'पुरावा' लिहिलेलं पाकीट उघडलं. दोन्ही कड्या सुटल्या. मी दोन्ही वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात ठेवल्या.

"आता आपण बोलू. भिंग आणि फाइंडर या दोघांनी एकत्र काय पाहिलं? दुकान नाही, ते एकट्या भिंगाने पाहिलं. दोघांनी पाहिला तो फक्त स्टीलचा डबा. बाकीची दोन भिंगं त्या डब्यात कधी नव्हती, म्हणून ती शाबूत. दुरुस्तीनंतर बिघाड झाला हे खरं, कारण दुरुस्तीनंतरच डबा आला. म्हणजे डब्यात काहीतरी होतं. असं काही, जे दिवसा तापलेल्या कपाटात हवेत उडतं, भिंगाच्या फटींतून आत शिरतं आणि रात्री गार काचेवर परत जमतं. द्रव न होता. घरात अशी वस्तू कोणती असते?"

मग एक गोष्ट झाली. खिडकीजवळ बसलेल्या बाईंनी मान वर केली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी नाक फुगवलं. तेजस भिंतीपासून सुटला आणि म्हणाला, "आईला बॅगेतून आलेला देवळाचा वास! हाच तो!"

मला काहीच आला नाही. मी तो फक्त त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिला, एकेक करून, रांगेमागून रांगेत.

"कापूर," मोघे पुटपुटले.

"भीमसेनी," खिडकीजवळच्या बाईंनी दुरुस्ती केली.

मी कट्ट्यावरचा फाइंडर उचलून मोघ्यांच्या हातात दिला. उन्हाच्या बाजूची पिसं विरली होती. उरलेलीही डोळ्यांदेखत आक्रसत होती. खाली काच होती. तीच, आठ वर्षांपूर्वीची, एक ओरखडा नसलेली.

"बदललेली काच उन्हात ठेवून परत येत नाही," मी म्हणाले. "कापूर मात्र जातो."

आता सगळे बद्रीनाथांकडे पाहत होते.

६

"वाईट हेतू नव्हता हो," बद्रीनाथ उभे न राहताच म्हणाले. "पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून पुरचुंडी ठेवली. पैठणीत ठेवतो, पेटीत ठेवतो. तेजसचे फोटो आले तेव्हा डबा उघडला, तर दरवळला. मग मला कळलं. घासून टाकला. म्हटलं, इतकी वर्षं माझ्या काळजीचं उदाहरण देतात लोक... आणि तोवर सुदर्शनरावांनी बाईंचं नाव घेतलंच होतं."

"आणि तुम्ही राहू दिलंत," मी म्हणाले. "कापूर ठेवलात ती चूक. ती कोणाचीही होईल. आज अनुमोदन दिलंत, ती चूक नव्हे."

"आपण हे शांतपणे मिटवू," मोघे घाईने म्हणाले. "ठराव मागे. बाई, मंडळातर्फे मी दिलगिरी..."

"इथे नको," रझिया म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बंद खोलीतली माफी मला नको, साहेब. बदनामी ज्या-ज्या ग्रुपवर गेली, तिथे जाऊ दे. तुमच्या नावाने. आणि यांच्या." त्यांनी बद्रीनाथांकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "मला भिंग दाखवलं असतं ना, तर झाकण उघडताच वास घेऊन सांगितलं असतं. चोर ठरवायला सगळ्यांना वेळ होता. दाखवायला नव्हता."

मोघ्यांनी त्यांच्यासमोर मजकूर लिहिला. रझियांनी दोन शब्द खोडायला लावले: 'गैरसमज' आणि 'अनवधानाने'. मग तो पाठवला गेला, आणि खोलीभर फोन एकामागून एक वाजले.

भिंग दुपारपर्यंत निवळलं. तेजस ते घेऊन पुन्हा पर्वतीवर गेला. या वेळी पायऱ्यांचा दगडन् दगड वेगळा मोजता येईल असे फोटो आले. मोघ्यांचा लेख अजून छापून आलेला नाही. मी त्यांच्या कागदाच्या पाठीवर माझं तज्ज्ञ मत लिहून पाठवलं आहे: तिन्ही भिंगं आठ वर्षांनी वापरण्याजोगी, स्क्रू अधूनमधून आवळावेत. खाली सही केली आहे.

गेल्या आठवड्यात नारायण पेठेत गेले होते. काउंटरवर ते गृहस्थ उभे होते, तोच कॅमेरा घेऊन.

"दुरुस्त करायचाय," ते म्हणत होते.

"तसाच बरा होता ना?" रझिया मान वर न करता म्हणाल्या. "रांगेत ठेवा. तुमच्या आधी बरेच जण परत आलेत."

त्यांच्या डोक्यामागे नवी पाटी होती. अक्षर वळणदार, ओळखीचं. बद्रीनाथांकडून लिहून घेतलेलं असणार. 'येथे काचा बदलून मिळत नाहीत. वस्तू दुरुस्तीला देण्यापूर्वी घरचा कापूर काढून ठेवावा.'

"सरांनी फुकट लिहून दिली?" मी विचारलं.

"मजकूर माझा," रझिया म्हणाल्या. "त्यांचं फक्त अनुमोदन."